मॅच होणार म्हणून मुलाने खेळायलाच हवं का?

साल २०२०, कोविडची साथ चालू आहे, आणि अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा वीस वर्षांचा. बिग टेन परिषदेतल्या (आपसात खेळणाऱ्या मोठ्या विद्यापीठांचा गट) एका विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये किकर, म्हणजे चेंडूला किक मारून गुण मिळवणारा, आहे. शिष्यवृत्ती नाही. तिकडे ज्याला वॉक-ऑन म्हणतात तसा, स्वतःची फी भरून आणि निवड चाचणी देऊन टीममध्ये आलेला. परिषदेने कोविडमुळे ११ ऑगस्टला मोसम पुढे ढकलला, १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला, आणि आता २३-२४ ऑक्टोबरपासून मॅच सुरू होताहेत. घरी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मधुमेह असलेल्या सासूबाई आहेत. फेब्रुवारीत सांगलीहून आल्या आणि अडकल्या. आई लिहिते: "ही स्पर्धा व्हावी की नाही हेच आम्हाला कळत नाहीये. यजमान म्हणतात, एवढ्या मोठ्या विद्यापीठांनी विचार करूनच ठरवलं असेल. मुलगा म्हणतो, या वर्षी बसलो तर माझी जागा गेली. त्याला पुढे खेळाच्याच क्षेत्रात काम करायचंय. त्याला थांबवू का?"

ताई, नमस्कार.

आधी यजमानांच्या म्हणण्याविषयी. ऑगस्टमध्ये बिग टेनच्या विद्यापीठप्रमुखांनी ११ विरुद्ध ३ मतांनी न खेळायचं ठरवलं. पाच आठवड्यांनी त्याच मंडळींनी एकमताने खेळायचं ठरवलं. मधल्या काळात एक गोष्ट खरोखर बदलली: रोज करता येईल आणि लगेच निकाल देईल अशी कोविडची अँटिजेन चाचणी हाताशी आली. पण बाकीही बरंच घडलं. दक्षिणेकडच्या मोठ्या परिषदा थांबल्याच नाहीत. ओहायो स्टेट विद्यापीठाचा मुख्य खेळाडू (क्वार्टरबॅक) जस्टिन फील्ड्स याच्या 'आम्हाला खेळू द्या' अशा अर्जावर तीन लाखांच्या आसपास सह्या झाल्या, नेब्रास्का विद्यापीठाचे आठ खेळाडू परिषदेविरुद्ध कोर्टात गेले, खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी परिषदेच्या आयुक्तांना फोन केला. आणि पैसा. आयोवा विद्यापीठाने ऑगस्टमध्ये पोहणं, टेनिस, जिम्नॅस्टिक्स धरून चार संघ बंद करायचं जाहीर केलं, कारण फुटबॉलचं उत्पन्न आटलं की बाकीचे खेळ पोसायचे कशातून? त्यामुळे मी याला निव्वळ लोभ म्हणणार नाही. पण हा फक्त डॉक्टरांनी घेतलेला निर्णय आहे, असंही समजू नका.

माझं मत विचारलंत तर या वर्षी ही स्पर्धा व्हायला नको होती. अमेरिकेत कोविडच्या मृतांचा आकडा दोन लाखांवर गेलाय. बहुतेक वर्ग ऑनलाइन चालू आहेत आणि मैदानावर मात्र मुलं एकमेकांच्या तोंडावर श्वास टाकत भिडणार आहेत. स्टेडियममध्ये प्रेक्षकांना तिकिटं विकणार नाहीत, कारण धोका आहे. तो धोका ज्यांनी घ्यायचा त्या मुलांना पगार नाही, त्यांची संघटना नाही. आयव्ही लीगने (हार्वर्ड, येल वगैरे विद्यापीठांची परिषद) ८ जुलैलाच शरद ऋतूतले सगळे खेळ रद्द केले. त्यांचं पोट फुटबॉलवर नाही म्हणून त्यांना ते सोपं गेलं, हे मान्य. तरी मला तोच निर्णय योग्य वाटतो.

आता तुमच्या मुलाकडे येते, कारण स्पर्धा आता होणारच आहे आणि त्याच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. तुम्ही लिहिलंय की तो तीन खोलीसोबत्यांबरोबर राहतो आणि तिघंही टीममधले आहेत. म्हणजे तो खेळला नाही तरी त्याच स्वयंपाकघरात जेवणार, तेच बाथरूम वापरणार. फरक एवढाच की त्या तिघांची रोज चाचणी होईल आणि याची होणार नाही. क्लेमसन विद्यापीठाच्या टीमचा ट्रेव्हर लॉरेन्स ऑगस्टमध्ये हेच म्हणत होता, की टीममध्ये असलो तर आम्ही जास्त सुरक्षित आहोत. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. तुमचं पत्र वाचल्यावर तुमच्या मुलापुरतं तरी त्यात तथ्य दिसतं. न खेळायचं असेल तर त्याने खोलीही बदलायला हवी, नाहीतर न खेळण्याला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय किकरचा सराव बराचसा बाजूला चालतो: चेंडू मागे फेकणारा, तो धरणारा आणि हा, तिघंच. त्याला खरा धोका लॉकर रूममध्ये, मीटिंगच्या खोलीत आणि बसमध्ये आहे. तिथे मास्क नाकावर असतात की हनुवटीवर, हे त्याला आजच्या आज माहीत आहे. त्याला विचारा.

हृदयाची भीती तुम्ही लिहिली आहे आणि ती अनाठायी नाही. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल आणि त्यावर जोराचा व्यायाम झाला, तर हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकतं. म्हणून अशा खेळाडूला काही महिने पूर्ण विश्रांती देतात. ओहायो स्टेटच्या डॉक्टरांनी कोविड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंचा एमआरआय केला, तेव्हा चौघांत अशा सुजेच्या खुणा दिसल्या. त्या २६ पैकी कुणालाही रुग्णालयात दाखल करावं लागलं नव्हतं. संख्या अगदी लहान आहे, तिच्यावरून टक्केवारी काढून घाबरू नका. पण म्हणूनच बिग टेनने नियम केलाय: पॉझिटिव्ह आला तर किमान २१ दिवस मॅच नाही, आणि परतण्याआधी रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर वाढणारं प्रथिन), ईसीजी, इको आणि हृदयाचा एमआरआय. हे कागदावर चांगलं आहे. हा खर्च वॉक-ऑन खेळाडूसाठीही विद्यापीठच करणार का, आणि हृदयाचं काही निघालं तर मोसम संपल्यावर उपचार कुणाच्या विम्यातून, हे मुलाने टीमच्या डॉक्टरांना ईमेलने विचारावं आणि उत्तरही ईमेलनेच घ्यावं. कोविडचा धोका पत्करतो आणि कायदेशीर हक्क सोडतो असं लिहून घ्यायला एनसीएएने (तिकडच्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) ५ ऑगस्टला मनाई केली आहे. तसा कागद पुढे आला तर सही करायची नाही.

जागेचं म्हणाल, तर तो अर्धा बरोबर आहे. एनसीएएने २१ ऑगस्टला ठरवलं की या मोसमात खेळलं काय, न खेळलं काय, खेळाडूच्या पात्रतेचं, म्हणजे कॉलेजकडून खेळायला मिळणाऱ्या मोजक्या वर्षांपैकी, एकही वर्ष कमी होणार नाही. म्हणजे बसला तरी नियमाने त्याचं काही जात नाही. पण तेच वर्ष शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही मिळालंय. त्यातले काही थांबतील, वर नवी भरती येईल आणि पुढच्या वर्षी गर्दी होईल. शिष्यवृत्तीच्या मुलाने कोविडमुळे माघार घेतली तर त्याची शिष्यवृत्ती काढता येत नाही. तुमच्या मुलाकडे मुळात ती नाही, म्हणून त्याला प्रशिक्षकाचा शब्दच लागेल. तो त्याने स्वतः जाऊन मागावा. आणि ते जादा वर्ष तुम्हाला फुकट पडणार नाही, फी तुमच्याच खिशातून जाणार आहे. पदवीनंतर त्याच वर्षात मास्टर्स सुरू करणार असेल तरच ते कामाचं.

इथे पुण्यात सप्टेंबरभर माझ्यासमोर नीटची मुलं बसत होती. १३ तारखेला परीक्षा झाली. घरात आजारी माणूस असलेल्या मुलांनाही मी "जा" म्हणाले, कारण न जाणं म्हणजे वर्ष जाणं होतं. तुमच्या मुलाला वर्ष न गमावता थांबता येतं. ही सवलत फार थोड्यांना मिळाली आहे, ती हलकी मानू नका.

आणि त्याचं करिअर किकवर उभं नाही. कॉलेजच्या फुटबॉलमधून व्यावसायिक खेळात जाणारी मुलं शंभरात जेमतेम दोन. तो मात्र इंजिनिअरिंग शिकतोय आणि खेळात राहू पाहतोय, म्हणजे बायोमेकॅनिक्स, खेळाची साधनं, दुखापतीचा अभ्यास, ही त्याची खरी वाट. खेळला किंवा बसला, या मोसमात त्याने विद्यापीठाच्या एखाद्या अशा प्रयोगशाळेत काम मागावं. प्राध्यापकाला सांगण्यासारखं त्याच्याकडे आहे: मी स्वतः किक मारतो, माझ्या पायाचा डेटा घ्या.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात एक गोष्ट वाचून मी थांबले. एप्रिल-मेमध्ये तो घरी असताना रोज संध्याकाळी जवळच्या बागेत जाळीत किक मारायचा आणि आजी घडीच्या खुर्चीवर बसून, किती आत गेल्या ते बोटांच्या पेरांवर मोजायच्या. ताई, या घरात सगळ्यात जास्त धोका त्यांना आहे. मुलाच्या हृदयापेक्षाही मला त्यांची काळजी जास्त वाटते. तो खेळणार असेल तर मोसम संपेपर्यंत त्याने घरी यायचं नाही. लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला, शनिवारी आहे आणि त्यांच्या मॅच शनिवारीच असतात. थँक्सगिव्हिंगलाही नाही. मोसम संपल्यावर आधी १४ दिवस वेगळं राहायचं, मग दारात पाऊल. "रोज चाचणी होते, मग काय" असं तो म्हणेल. अँटिजेन चाचणी सुरुवातीचा संसर्ग चुकवू शकते, आणि एक चुकलेली चाचणी पुरेशी आहे. ही अट त्याला आजच सांगा, फराळाचा डबा पाठवायच्या वेळी नको. ती ऐकून तो काय म्हणतो, त्यावरून तुम्हाला बरंच कळेल.

थांबवू का, असं विचारलंत. तो वीस वर्षांचा आहे, तुम्ही थांबवू शकत नाही आणि थांबवूही नका. माझा कौल विचाराल तर: प्रशिक्षकांनी पुढच्या वर्षीच्या निवडीचा शब्द दिला आणि वेगळी खोली मिळाली, तर बसावं. यातलं एक जरी नसेल तर खेळावं, पण घराची अट पाळून. त्याचा कौल वेगळा निघाला तर तो मान्य करा. त्याला देवनागरी वाचता येत नाही असं तुम्ही लिहिलंय, तर हे पत्र फोनवर वाचून दाखवा. आजींनाही समोर बसवा. वाचताना मध्ये तुमची वाक्यं घालू नका. सगळं वाचून झालं की आधी त्याला बोलू द्या.