सांगितल्याशिवाय कुणी हलतच नाही

प्रश्न : मी ग्राहक-तक्रार विभागाची प्रमुख आहे. हाताखाली आठ जण, सगळे हुशार. पण सांगितल्याशिवाय कुणी काही करत नाही. बैठकीत ‘सुचवा काहीतरी’ म्हटलं की माना खाली. ग्राहकांना जाणारी उत्तरंसुद्धा शेवटी मलाच नीट करून पाठवावी लागतात. माणसं बदलावीत का?

उत्तर : माणसं बदलू नका, उत्तरं ‘नीट करणं’ थांबवा. आपण काहीही लिहिलं तरी मॅडम बदलणारच, हे एकदा कळलं की माणूस जेमतेम लिहून पुढे सरकवतो. माहिती चुकली असेल तर खूण करून मसुदा परत द्या, दुरुस्ती त्यालाच करू द्या. नुसती वाक्यं तुमच्या धाटणीची नसतील, तर तसंच जाऊ द्या. हे फार जड जातं, पण सुरुवात इथूनच करा.

‘सुचवा काहीतरी’ म्हटल्यावर आपल्याला नेमकी किती मोकळीक आहे, हे कुणालाच कळत नाही. म्हणून हद्द आखून द्या. अमुक रकमेपर्यंतची भरपाई किंवा वस्तू बदलून देणं न विचारता करायचं, संध्याकाळी फक्त कळवायचं. त्यापुढचं असेल तर विचारायला यायचं, पण ‘मी असं करणार आहे’ हे ठरवून.

मी बरीच वर्षं उत्पादन विभाग सांभाळला. कुणी स्वतःहून घेतलेला निर्णय पहिल्यांदा फसतो, तेव्हा सगळ्यांचं लक्ष साहेबाच्या तोंडाकडे असतं. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला की साधा कामगारही इशाऱ्याची दोरी ओढतो आणि गटप्रमुख मदतीला धावतो. तो ओरडायला आला असता, तर दोरीला कुणी हात लावला असता का?

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांचा १९३९ साली प्रसिद्ध झालेला मुलांच्या गटांवरचा प्रयोग मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. हुकूम सोडणारा प्रमुख खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. जिथे मुलांना विचारून ठरत होतं, तिथे ते चालू राहायचं. तुम्हीही दोन दिवस रजा घ्या. परतल्यावर काय अडून राहिलंय ते पाहा, म्हणजे कोणते अधिकार अजून तुमच्याच हातात आहेत ते समजेल.

एवढं करूनही एखादा गप्पच राहिला, तर त्याच्याकडची कामं आधी मोजा. जो सुचवतो त्याच्याच गळ्यात ते काम पडतं, अशी रीत बऱ्याच ठिकाणी असते. तुमच्याकडेही तसंच असेल, तर नवं काम देताना त्याच्याकडचं एक जुनं काढून घ्या.