पैनगंगेपल्याडचं जेवण

प्रश्न : ताई, आमी पाच जणी एकाच गावच्या, एकाच बचत गटातल्या. औंदा उलंगवाडी, म्हंजे कापसाची शेवटची वेचणी, लवकर झाली अन् हरभरा सोंगायला अजून वेळ आहे. मधात एक दिवस नदीपल्याड, तेलंगणातल्या आदिलाबादला जाऊन निवांत जेवावं, वर काही गोड खावं, असं चाललं आहे. साऊथचं म्हणजे आमाले इडली-डोसाच ठाऊक. एक म्हणते, भातानं आपलं पोट भरत नाही. एक माळकरी आहे, एकीला शुगर आहे. एकीची सासू म्हणते, बायांनी मिळून हाटेलात जेवायला जायचं काय कारण? म्हणून बाजाराचं काम काढून जावं अन् त्यातच जेवून घ्यावं, असा विचार आहे. तिथं काय मागवावं, कसं खावं, ते सांगा.
— एक वाचक, तालुका केळापूर

उत्तर : बाई, आधी बाजाराचं बोलते. बाजाराचं काम काढू नका. कामाची यादी घेऊन निघालात की एक ब्लाउजपीस पाहत बसते, दुसरीला कुकरची रिंग हवी असते, तिसरी चपलेच्या दुकानात अडकते. जेवायला बसेपर्यंत तीन वाजतात. तिकडच्या मेसमध्ये दुपारचं जेवण साधारण बारा ते तीन. त्यानंतर भांडी घासायला जातात आणि संध्याकाळी पुन्हा टिफिन, म्हणजे तुमचे तेच इडली-डोसे. ज्याच्यासाठी नदी ओलांडली तेच हातचं जाईल.

दुसरं असं की आज बाजाराचं कारण सांगितलं तर पुढच्या वर्षी पुन्हा काहीतरी कारण शोधावं लागेल. सासूबाईंना सरळ सांगा, आम्ही मैत्रिणी जेवायला चाललो, चारपर्यंत येतो. त्या रागावतील, पण खरं कळलेलं माणूस लवकर निवतं. आणि त्यांनी विचारलेलं कारण खरंच आहे तुमच्याकडे. वेचणीच्या दिवसांत पहाटे उठून भाकरी थापायच्या, डबा बांधायचा, दिवसभर परहाटीत, कापसाच्या उभ्या पिकात, वाकायचं, परत येऊन चूल पेटवायची आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या वरणात भाकर कुस्करून उभ्यानंच खायची. अशा बाईच्या पानाशी कोणीतरी भांडं घेऊन उभं राहावं, ‘आणखी वाढू का?’ विचारावं, याहून मोठं कारण मला तरी ठाऊक नाही.

आता जेवणाकडे येऊ. मेसमध्ये ‘मील्स’ मागायचं. प्लेट मील्स म्हणजे एकदा वाढलं ते वाढलं. फुल मील्स म्हणजे भात, वरण, भाज्या परत परत वाढतात. तुम्ही फुलच घ्या. माणसं मराठी समजतात, आदिलाबादेत घाबरण्यासारखं काही नाही. नदीच्या अल्याड आपलं वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभारात गेलं, पल्याड निजामाचं राज्य १९४८ पर्यंत राहिलं. पुढे तो मुलूख १९५६ला आंध्रात आणि २०१४ला तेलंगणात गेला. राज्यं बदलली, पण शेतं तीच आहेत. काळी माती, कापूस, कापसात तूर, बांधाला अंबाडी. म्हणून ते ताट तुम्हाला परकं वाटणार नाही. तुमच्याच घरातल्या वस्तू वेगळ्या क्रमानं येतील, एवढंच.

आणि त्या क्रमातच सगळी गंमत आहे. माझी आत्या आदिलाबादला दिली होती. उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो की ती आम्हा पोरांना ताटातलं सगळं एकदम कालवू द्यायची नाही. भाताचे चार भाग करायचे, असं तिचं सांगणं. पहिल्या भागावर कंदी पोडी, म्हणजे भाजलेल्या तूरडाळीची लाल मिरची घातलेली पूड, आणि वर तूप. हा पहिला घास गरम भाताचाच हवा, भात निवला की पोडीची चव मरते. दुसऱ्या भागावर पप्पू. पप्पू म्हणजे आपलं तुरीचंच घट्ट वरण, त्यात पालेभाजी शिजवलेली. अंबाडी घातली की ते गोंगुरा पप्पू. आपण अंबाडीत ज्वारीच्या कण्या घालतो आणि वरून लसणाची तेलाची फोडणी ओततो, ते लोक डाळ घालतात. त्यासोबत आवकाय, म्हणजे मोहरीची पूड, तिखट आणि तिळाचं तेल घातलेलं कैरीचं लोणचं, चिमूटभरच घ्या. तिसरा भाग सांबार आणि मग चारू. चारू म्हणजे चिंचेचं पातळ, मिरी-जिऱ्याचं सार. तो भात थोडा सैल कालवायचा, आणि शेवटी वाटीत घेऊन घोटभर नुसता प्यायचा. चौथा भाग दह्याचा. दहीभात खाल्ल्याशिवाय पानावरून उठू नका. तिखट-आंबट सगळं त्यानं खाली बसतं आणि परतीच्या गाडीत जळजळ होत नाही.

तिखटाची तुम्हाला काळजी नाही, आपण ठेच्यावर वाढलेली माणसं. आंबटाची मात्र आहे. चिंच, अंबाडी, कैरी, तिन्ही एकाच ताटात येतात. कोणाला पित्ताचा त्रास असेल तर तिनं लोणचं सोडावं, पप्पू सोडू नये.

भातानं पोट भरत नाही असं म्हणणाऱ्या मैत्रिणीला सांगा, तेलंगणातही ज्वारीची भाकर घरोघरी होते, जोन्न रोट्टे म्हणतात तिला. काही ठिकाणी जेवणात मिळते, विचारून पाहा. पण माझं मत विचाराल तर त्या दिवशी भाकर नकोच. ती तुम्ही रोज थापता. चार वेळा वेगवेगळ्या चवीनं भात खाल्ला की पोट भरतं, आणि बसून खाल्लं की आणखीच भरतं.

माळकरी मैत्रीण आहे म्हणून सगळ्यांनीच शुद्ध शाकाहारी मेसमध्ये जा. गोंगुरा घातलेलं मटण तिकडे फार सुरेख होतं, हे मला माहीत आहे. ते सोडा म्हणताना माझ्याही जिवावर येतं. पण पाच जणींत एकीनं शेजारच्या ताटाकडे न पाहता, अंग चोरून जेवायचं, हे काही मैत्रिणींचं जेवण नव्हे. मटण घरी करता येतं, अंबाडीही आहे.

शुगरवाल्या मैत्रिणीबद्दल : तिनं भाताचे भाग चारच ठेवावेत, पण लहान. आधी भाजी आणि पप्पू खावं, भात मागून. गोळी किंवा इंजेक्शनची वेळ चुकवू नये, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं असेल ते माझ्या सांगण्याच्या वर. गोडाचे दोन घास दुसरीच्या वाटीतले घ्यावेत. तिला ‘तू नको खाऊ’ असं पाचांत कोणी म्हणू नका, तिला आपलं कळतं.

पैसे. गटाच्या पैशाला हात लावू नका, एका रुपयालाही नाही. ते पैसे कर्जाचे, बियाण्याचे, पोरांच्या फीचे, आणि नोंदवहीत जेवणाचं बिल लिहिता येत नाही. वेगळा डबा करा. निघायच्या आधीच सारखी वर्गणी एकीच्या पाकिटात जमा करा म्हणजे काउंटरवर ओढाताण होत नाही. एसटीनं जाल तर महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत आपल्या राज्याच्या हद्दीपर्यंतच, म्हणजे पाटणबोरीच्या पुढे पैनगंगेच्या पुलापर्यंत. पलीकडचं पूर्ण भाडं धरून चाला. तेलंगणाच्या बसमध्ये बायांना फुकट प्रवास आहे, पण तो तिथल्या रहिवासी बायांना, ओळखपत्र दाखवून. तुम्हाला नाही.

आता गोड. मेसमध्ये वाटीभर शेवयांचं पायसम येतं, ते चांगलंच असतं. पण तुम्ही नदी ओलांडून जाता आहात तर हैदराबादी गोड विचारा. डबल का मीठा म्हणजे पावाचे तुकडे तुपात लालसर तळून, वेलची-केशराच्या दुधात आणि पाकात मुरवलेले. खुबानी का मीठा म्हणजे सुक्या जर्दाळूंचा शिजवून घट्ट केलेला गर, वर साय. मला दुसरं जास्त आवडतं. त्यात आंबटपणाचा एक कण राहतो, म्हणून जेवणानंतरही ते जड होत नाही. हे पदार्थ बहुतेक बिर्याणीच्या हॉटेलांत आणि लग्नांत असतात, शाकाहारी मेसमध्ये क्वचित. तेव्हा जेवून झाल्यावर मिठाईच्या दुकानात विचारत चालत जा. तेवढंच पोटही हलकं होईल.

नाहीच मिळालं तर खट्टू होऊ नका, खुबानी घरी सोपी आहे. पाव किलो सुके जर्दाळू रात्री भिजत घालायचे. सकाळी बिया काढून त्याच पाण्यात मंद आचेवर शिजवायचे, मऊ झाले की अर्धी वाटी साखर घालून पळीला चिकटेपर्यंत आटवायचे. बिया फोडून आतला गर चाखून पाहा. गोड असला तर घाला, कडू असला तर टाकून द्या. वर घरच्या म्हशीच्या दुधाची साय. ती एक वाटी त्या सासूबाईंना पाठवलीत तर बरं होईल. त्यांना मनवायला म्हणून नव्हे. त्यांनीही आयुष्यभर सगळ्यांच्या मागूनच खाल्लं आहे.

प्रश्न : ताई, कंदी पोडी घरी करता येते का? किती दिवस टिकते? आमच्याकडे तूर घरचीच आहे.
— एक वाचक, तालुका झरी जामणी

उत्तर : घरची तूर असेल तर बाहेरून आणूच नका. एक वाटी तूरडाळ कोरडी, मंद आचेवर लालसर होईपर्यंत भाजा. घाई केली तर वरून करपते आणि आतून कच्ची राहते, मग पूड जिभेला चिकटते. त्याच कढईत सहा-सात सुक्या लाल मिरच्या आणि चमचाभर जिरं परता. सगळं पूर्ण गार होऊ द्या, मग मीठ, चिमूटभर हिंग घालून किंचित रवाळ दळा. लसूण हवा असेल तर दळताना चार पाकळ्या टाका, पण लसूणवाली पोडी आठवड्यात संपवा. बिनलसणाची कोरड्या बरणीत महिनाभर चांगली राहते, ओला चमचा घालायचा नाही. गरम भात, दोन चमचे पोडी, वर तूप. तूप नसेल तर तिळाचं कच्चं तेल घ्या, तेही तिकडे घेतात.