सॅश खिडकीच्या काचांमधली पट्टी: जाड की बारीक, दोन काचा की सहा?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो, मागच्या वर्षी टेरेस घर (एका ओळीत भिंतीला भिंत लागून असलेल्यांपैकी) घेतलं, १८८५ च्या सुमाराचं. वर-खाली सरकणाऱ्या लाकडी सॅश खिडक्या आहेत, वरच्या तावदानात दोन काचा, खालच्यात दोन, मधे एकच उभी पट्टी. थंडीत खिडकीपाशी बसवत नाही, म्हणून डबल ग्लेझिंग, म्हणजे मधे पोकळी ठेवून दुहेरी काच, करायचं चाललंय. खिडक्यावाला म्हणतो सहा वर सहा खाली अशी जॉर्जियन (१८व्या शतकाच्या सुमाराची) डिझाइन घ्या, पट्ट्या काचेवर चिकटवून देतो, घर भारदस्त दिसेल. आई इथे आलीये, ती म्हणते आहे ते मोडू नका. काय करावं?

उत्तर: आई बरोबर बोलतायत, आणि त्याचं कारण काचेत आहे. जॉर्जियन काळात काच फुंकून, गरगर फिरवून मोठी थाळी करायचे आणि त्यातून छोटे तुकडे कापायचे, मोठी काच मिळायची ती फार महाग, वर तिच्यावर वजनानुसार कर. म्हणून सहा-सहा तुकडे आणि ते धरायला पट्ट्या. हा कर १८४५ ला गेला, मोठी काच परवडायला लागली, मग पट्ट्या कमी होत होत एकावर आल्या. तुमचं घर त्यानंतरचं, त्याला सहा काचांची खिडकी कधी नव्हतीच. वरच्या तावदानाच्या खालच्या कोपऱ्यांना लाकडाची छोटी शिंगं आहेत का बघा. मोठ्या काचेचं वजन पेलायला जोड मजबूत हवा म्हणून ती ठेवायचे, व्हिक्टोरियन, म्हणजे तुमच्या घराच्या काळातल्या, खिडकीची ती खूणच.

जाडीचं पण तसंच. १८व्या शतकाच्या सुरुवातीला पट्ट्या दीड इंचापर्यंत जाड, शंभरेक वर्षांनी जेमतेम अर्ध्या इंचाच्या. म्हणून कॅटलॉगमधून निवडू नका, तुमच्याच खिडकीची पट्टी मोजा, तिच्या गोलाईचा आकार कागदावर उतरवून सुताराला द्या. पुढच्या खिडक्या कोणी आधीच बदलल्यात असं वाटलं तर मागच्या बाजूच्या किंवा शेजारच्या घराच्या बघा, तिथे बऱ्याचदा मूळच्या टिकून असतात. आणि तावदानाच्या लाकडात बुजवलेल्या खाचा दिसल्या तर तिथे पूर्वी पट्टी होती असं समजायचं.

आता डबल ग्लेझिंग. नेहमीचं युनिट, म्हणजे दोन काचा कडेने सील केलेला जोड, २४ मिमी जाड, त्याला खाच खोल हवी आणि कडेची सील झाकायला पट्टी रुंद हवी, मग बारीक पट्टी शक्यच होत नाही. म्हणूनच तो खिडक्यावाला चिकटवायचं सुचवतोय. पण चिकटवलेली पट्टी लगेच कळते हो, खऱ्या खिडकीत प्रत्येक काच किंचित वेगळ्या कोनात असते, त्यामुळे प्रतिबिंब तुटक दिसतं, इथे सगळी काच एकसारखी चमकते. मला स्वतःला ते बघवत नाही.

शिवाय वजन. ४ मिमी काच चौरस मीटरला १० किलो, दोन लावल्या की २०, तुमची जुनी ३ मिमीची असेल तर साडेसात. चौकटीच्या आत दोरीला लोखंडी वजनं असतात ती तावदानाशी जुळली नाहीत तर खिडकी वर थांबणारच नाही, धाडकन खाली येईल.

माझं मत विचाराल तर तावदानं दुरुस्त करा, फटींना ब्रश सील (हवा अडवणारी केसाळ पट्टी) बसवा, आणि आतून सेकंडरी ग्लेझिंग, म्हणजे खिडकीमागे वेगळी दुसरी काच, लावा, पट्टीला हातही लागत नाही आणि रस्त्याचा आवाजही कमी होतो. लाकूड खरंच कुजलं असेल तर नवीन तावदान करा, पण तेवढ्याच जाडीच्या खऱ्या पट्टीचं, १२ मिमीच्या स्लिम (पातळ दुहेरी काचेच्या) युनिटसाठी. घर लिस्टेड (सरकारी यादीतलं संरक्षित) असेल तर आधी काउन्सिलची परवानगी घ्या, न विचारता बदलणं तिथे गुन्हा आहे. कॉन्झर्व्हेशन एरियात (जतन केलेल्या जुन्या वस्तीत) असलात तरी फोन करून विचारा.

आणि हो, स्लिम युनिट घेतलंत तर काच बसवायला जवसाच्या तेलाची लांबी (पुटी) वापरू देऊ नका, जुन्या साध्या काचेला ती उत्तम, पण युनिटची सील तेलाने खराब होते आणि काचेच्या आत धुकं धरतं.