बाबांच्या पंचाहत्तरीला घरी बनवलेली रायफल: लायसन त्यांचं, पण बनवायचा हक्क कुणाचा?

गुहागर तालुक्यातल्या एका वाचकांचा मेसेज आलाय, थोडक्यात सांगतो. त्यांच्या बाबांकडे शेती संरक्षणाचं लायसन आणि ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायची, एकनळी बंदूक आहे, जुनी आणि जड. यंदा बाबांना 75 पूर्ण होतायत. यांचं स्वतःचं लेथचं वर्कशॉप आहे, म्हणून बाबांच्या खांद्याला झेपेल अशी हलकी रायफल स्वतः बनवून भेट द्यायची आणि तिची काडतुसंही घरीच भरायची असा विचार आहे. नळीसाठी पाइप आणून लेथवर थोडं काम झालंय, टेक्सासच्या मामेभावाने काडतुसं भरायचा हातप्रेस येताना सामानातून आणलाय, मित्राकडच्या बारा बोर बंदुकीच्या काडतुसांच्या चाळीसेक रिकाम्या पुंगळ्यापण जमवल्यात. प्रश्न असा की "विकायचं नाही, घरातल्या घरात आहे, बाबांकडे लायसन आहेच, मग गुन्हा कुठे येतो?"

दादा, आधी लेथ बंद करा आणि मग पुढचं वाचा. गुन्हा येतो, आणि साधासुधा नाही.

बाबांचं लायसन हे शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 3 खालचं, म्हणजे जवळ बाळगायचं. शस्त्र बनवणं हा वेगळाच विषय, तो कलम 5 मध्ये येतो आणि त्यासाठी वेगळं लायसन लागतं. विकलं नाही, पैसे घेतले नाहीत, मुलाने बापासाठी बनवलं, याने काही फरक पडत नाही. आणि त्याच कलमात नुसतं बनवणं नाही, दुरुस्ती आणि बदलसुद्धा आहे, त्यामुळे बाबांच्या आहे त्या बंदुकीचा घोडा ढिला झालाय म्हणून वर्कशॉपमध्ये नीट करून देणं हेही बसतं त्यात, ते काम लायसन असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला कमीत कमी 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

आता तुम्ही म्हणाल रायफल अजून झालीच नाही. कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्री हेसुद्धा बंदुकीतच धरलंय, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसं बनवायची यंत्रसामग्री आहे. म्हणजे तो पाइप "फक्त पाइप आहे" हे कोर्टात तुम्हाला पटवून द्यावं लागेल, आणि हातप्रेस तर बोलूनचालून त्याच कामाचा, वर परदेशातून आणलेला, म्हणजे आयातीचा मुद्दा वेगळा. तिकडे हे सर्रास चालतं असं मामेभाऊ म्हणाला असेल तर तो खोटं बोलत नाहीये. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला आणि काडतुसं भरायला सहसा लायसन लागत नाही, राज्याराज्याचे नियम वेगळे. पण तो अमेरिकेचा कायदा आहे, गुहागरचा नाही.

ठासणीच्या बंदुकीत बाबा दारू आणि छर्रे नळीतून भरतात तो त्या बंदुकीचा वापरच आहे, लायसनवर जेवढी मंजूर तेवढी दारू परवाना असलेल्या दुकानातून घेऊन भरायची, त्याला हरकत नाही. पण तीच दारू घेऊन तुम्ही पुंगळ्या भरायला बसलात तर ते दारूगोळा तयार करणं झालं. एका जुन्या केसमध्ये मुद्देमालाची पिशवी माझ्यासमोर उघडली होती, घरी बनवलेल्या बंदुकीची नळी मागच्या बाजूने केळीच्या सालीसारखी फाटलेली, आणि आरोपी म्हणून समोर उभा माणूस डाव्या हाताची दोन बोटं गमावलेला. बाप शेजारी बसून होता. ती बंदूक पण घरच्यांसाठीच बनवलेली होती.

तुमची खरी अडचण मला कळते, डुकरं एका रात्रीत अख्खा मळा लोळवून टाकतात आणि जड बंदूक घेऊन म्हातारा माणूस राखणीच्या माळ्यावर किती वेळ बसणार. तर याच कायद्यात रस्ता आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. कलम 13 मध्ये शेती संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन सांगितलंय, आणि त्याच्याच खाली असंही आहे की परिस्थिती बघता ठासणीची पुरेशी नाही असं वाटलं तर दुसरी कुठलीही गुळगुळीत नळीची, म्हणजे नळीत रायफलसारखे आटे नसलेली, बंदूक मंजूर करता येते. म्हणजे रायफलचा हट्ट सोडा, बाबांच्या नावाने बारा बोर एकनळी मागा. जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, सोबत सातबारा, वनखात्याचे पीक नुकसानीचे पंचनामे, ठासणी का पुरत नाही हे स्वच्छ शब्दात. आता एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, पण बाबांकडे एकच आहे.

दुसरं, बाबांची सत्तरी झालीय म्हणून शस्त्र नियम 2016 प्रमाणे त्यांना हयातीतच वारसाच्या नावाने लायसन द्यायची विनंती करता येते. तुम्ही मुलगा आहात, तुमच्या नावाने अर्ज करा, पोलीस चौकशी होईल ती होऊ दे. लायसन हातात येईपर्यंत बाबांची बंदूक एकट्याने घेऊन रानात जाऊ नका.

आणि बंदूक कायदेशीर असली म्हणून डुक्कर मारायची परवानगी मिळाली असं नाही. वन्यजीव कायदा 1972 चं कलम 11 लागतं, मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश, म्हणून वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात अर्ज करा. आदेशावर मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता होतं, आपल्याकडे पारध पडली की वाटे होतात ते इथे करायचे नाहीत.

आता घरात जे पडलंय त्याचं. खाडीत टाकू नका, पुरावा नष्ट केल्याचं वेगळं कलम लागेल. मित्राला परत देऊ नका, मामेभावाला कुरियर तर अजिबात नको, व्हॉट्सॅपवर फोटो नको. सगळं आहे तिथे राहू दे आणि या आठवड्यात जिल्हा कोर्टातल्या फौजदारी वकिलाला समोर बसून सगळं खरं सांगा, पोलिसांकडे काय आणि कसं जमा करायचं ते त्यांच्यामार्फतच ठरवा, अटकपूर्व जामिनाची गरज आहे का तेही तेच बघतील. जाताना बाबांचं मूळ लायसन आणि त्यावरच्या नूतनीकरणाच्या नोंदी सोबत न्या.