तीन-चार वर्षांच्या मुलांना उन्हाळ्यात रमवताना

अगं, आधी वेळ ठरव. मे महिन्यात सकाळी साडेनऊच्या आत किंवा पाचनंतरच अंगणात जायचं, तेही सावलीत. मधल्या उन्हात नकोच.

महागडं सामान आणू नकोस. जून भेंडी आडवी काप, फुलासारखा पाच कोनांचा ठसा तयार. ताटलीत हळद कालव, जुन्या चादरीचा तुकडा अंथर आणि मुलांना ठसे उठवू दे. मग त्यावर साबणाच्या पाण्याचं बोट फिरवायला सांग. पिवळ्याचं लालसर होतं! माझ्याकडच्या एका अबोल मुलीने ते पाहिलं आणि दिवसभर प्रत्येक ठशाला बोट लावत बसली. तिला उठवावंसं वाटलं नाही मला.

कपडे मात्र जुनेच घाल, हळदीचे डाग सहज हटत नाहीत.

दुसरं म्हणजे पाणी. रंगाचा रुंद ब्रश आणि तांब्याभर पाणी दे, भिंत 'रंगवू' दे. चित्र वाळून नाहीसं झालं की पुन्हा सुरू! करवंटीत ओली माती दाबून इडल्या पाडणं तर सगळ्यांनाच आवडतं. चिंचोके, मणी मात्र या वयात नकोत, नाकात घालतात. आणि मुलांच्या हातातलं काम स्वतः 'नीट' करून देऊ नकोस. वाकडं असलं तरी ते त्यांचं असतं.