आजोबांची बारा-तेरा वर्षे उभी असलेली जीप-पिकअप नवशिक्याला चालू करता येईल का?

तुम्ही लिहिले आहे की मुलुंडच्या जुन्या घराच्या आवारात तुमच्या आजोबांची १९७४ सालची, मागे हौदा बांधलेली पेट्रोल महिंद्रा जीप बारा-तेरा वर्षांपासून उभी आहे, तुम्ही आजवर कोणत्याही गाडीचा प्लगसुद्धा काढलेला नाही, आणि घरचे लोक ती भंगारात देण्याविषयी बोलू लागल्यामुळे ती स्वतःच्या हातांनी चालू करता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. माझे उत्तर होय असे आहे. मात्र नवी बॅटरी आणून किल्ली फिरवण्याचा मोह तुम्हाला पहिले काही आठवडे आवरावा लागेल. एवढी वर्षे उभी राहून गाडीचे जे नुकसान होत नाही, ते घाईने चालू करताना पहिल्या पाच मिनिटांत होऊ शकते.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. आमचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय होता आणि वडिलांची अशीच जीप-पिकअप भांडुपच्या शेडमध्ये अकरा वर्षे उभी होती. ती बंद असतानाही वडील दर खंडेनवमीला तिला झेंडूचा हार घालत असत. त्यांच्या पश्चात मी एका ओळखीच्या मेकॅनिकच्या सांगण्यावरून ती टेंपोला दोर बांधून दुसऱ्या गिअरमध्ये ओढवली. इंजिन फिरले खरे, परंतु गंजामुळे आपल्या नळीत अडकलेला एक इनलेट व्हॉल्व्ह (सिलेंडरमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आत सोडणारी झडप) उघडेना, आणि त्याला ढकलणारी पुशरॉड वाकली. वडिलांनी जपलेले इंजिन मी त्या दिवशी उघडायला लावले, याचे मला आजही वाईट वाटते. पुढे शेजारच्या एका निवृत्त मिस्त्रीकाकांनी सात महिने दर रविवारी माझ्या शेजारी बसून सगळे काम माझ्याच हातून करून घेतले. खाली लिहिलेले बहुतेक ज्ञान त्यांचे आहे.

काम पावसाळा संपल्यावर सुरू करा. मुंबईच्या दमट आणि खाऱ्या हवेत उघडलेला भाग आठवडाभरात तांबूस होतो. पहिला दिवस फक्त पाहण्यासाठी आणि फोटो काढण्यासाठी ठेवा. उंदीर-घुशींनी वायरींचे आवरण कुरतडलेले असते, एअर फिल्टरमध्ये घरटे असते, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असते. चासीवर, विशेषतः पाट्यांच्या म्हणजे स्प्रिंगच्या टेकणांपाशी, स्क्रूड्रायव्हर जोराने टोचून पाहा. तो आत शिरत असेल, तर इंजिनावर खर्च करण्याआधी अनुभवी वेल्डरला चासी दाखवा. गंज घासताना चासी क्रमांकाच्या जागी ग्राइंडर अजिबात लावू नका. उलट त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा छाप आत्ताच घेऊन ठेवा, कारण पुढे आरटीओत त्याची गरज पडेल. जुनी बॅटरी काढण्याआधी तिचे कोणते टोक चासीला जोडलेले आहे आणि गाडी सहा व्होल्टची आहे की बारा, हे लिहून ठेवा. सर्व जुन्या गाड्यांत निगेटिव्ह टोकच चासीला असते असे धरून चालू नका.

आता इंजिन. त्या काळातल्या पेट्रोल जीपमध्ये बहुधा सुमारे २,२०० सीसीचे चार सिलेंडरांचे हरिकेन इंजिन असते. त्याचे वैशिष्ट्य असे की इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, तर जळलेला वायू बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. दीर्घकाळ उभ्या गाडीत हे खालचे व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत अडकून बसतात आणि मग सगळे ठीक असूनही त्या सिलेंडरला कॉम्प्रेशन म्हणजे पेटण्यासाठी लागणारा दाब मिळत नाही. म्हणून प्रथम प्लगच्या वायरींना चिकटपट्टीने क्रमांक द्या (या इंजिनाचा फायरिंगचा, म्हणजे सिलेंडर पेटण्याचा, क्रम १-३-४-२ असा आहे), प्लगभोवतीची धूळ फुंकून काढा आणि मगच चारही प्लग सोडवा. प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा. आमचे काका डिझेल आणि गिअरचे लाल एटीएफ तेल समप्रमाणात मिसळून वापरत. त्यानंतर चार दिवस गाडीला हात लावू नका; तेलाला पिस्टनच्या रिंगांपर्यंत झिरपायला वेळ लागतो.

पाचव्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, समोरून हँडल घालून ते सावकाश फिरवून पाहा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा पलीकडून वळवू नका, आणि जोर नेहमी खालून वर ओढण्याचा असू द्या. प्लग काढलेले असताना उलटा झटका बसत नाही, परंतु ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, कारण प्लग बसवल्यानंतर बसणाऱ्या झटक्याने मनगट मोडू शकते. हँडल हलत नसेल तर त्यावर पाइप चढवून ताकद लावू नका. पुन्हा तेल सोडा आणि आणखी आठवडा थांबा. ते हलत असेल तर दोन पूर्ण फेरे होऊ द्या आणि ब्लॉकच्या बाजूचे व वरचे झाकण काढून आठही व्हॉल्व्ह वर-खाली होतात का, हे डोळ्यांनी पाहा. अडकलेल्या व्हॉल्व्हच्या दांडीवर तेल सोडून, लाकडी ठोकळ्याने हलके ठोके देत तो सोडवता येतो. माझी पुशरॉड या एका तपासणीने वाचली असती.

इंजिन ऑइल पूर्ण काढून टाका आणि काढताना त्याकडे नीट पाहा. ते दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरले आहे. त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडीतल्या, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा रबरी पडदा फाटलेला असू शकतो. २०डब्ल्यू-५० दर्जाचे नवे ऑइल आणि नवा फिल्टर घातल्यावर, प्लग न बसवताच, ऑइलचा काटा हलेपर्यंत इंजिन सेल्फने थोड्या थोड्या वेळाने फिरवा. त्यामुळे बेअरिंगांपर्यंत ऑइल आधीच पोहोचते.

टाकीत उरलेल्या पेट्रोलचा एवढ्या वर्षांत डिंक झालेला असतो आणि त्याला रंगाच्या डब्यासारखा आंबट वास येतो. त्यावर नवे पेट्रोल ओतू नका, कारण तो डिंक विरघळून थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात जाऊन बसतो. टाकी खाली उतरवून धुऊन घ्या. तिला भोक असेल तर रिकामी म्हणून तिच्यावर वेल्डिंग करू देऊ नका. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते. तोपर्यंत मेकॅनिक ज्याला सलाईन लावणे म्हणतात, ती पद्धत वापरा: कार्ब्युरेटरपेक्षा उंच जागी, एक्झॉस्टपासून दूर, अर्धा लिटर पेट्रोलची बाटली घट्ट बांधून नळीने जोडा आणि आग विझवण्याचे यंत्र हाताशी ठेवा. आणखी एक गोष्ट तुमच्या आजोबांच्या काळात नव्हती. आता पंपांवर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे खराब करते व हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पंपाचे नवे किट बसवा, आणि पुढे पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नका.

स्पार्कचे काम त्या मानाने सोपे आहे. डिस्ट्रिब्युटरमधले (चारही प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागातले) पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, बारीक पॉलिश पेपरने घासून, डिस्ट्रिब्युटरच्या बनावटीप्रमाणे ०.४ ते ०.५ मिलिमीटर गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाने) बसवा, कंडेन्सर नवा घाला, आणि प्लगचा गॅप ०.७५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा.

इंजिनाचा आवाज ऐकण्यापूर्वी ब्रेक पूर्ण करा, असा माझा आग्रह आहे. एकदा इंजिन सुरू झाले की माणूस गाडी हलवल्याशिवाय राहत नाही. त्या काळच्या जीपमध्ये ब्रेक ऑइलचा एकच मार्ग असतो. एका चाकाचा सिलेंडर गळला तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. ब्रेक ऑइल पाणी शोषते आणि व्हील सिलेंडर आतून गंजतात, म्हणून पेडल घट्ट लागले तरी त्यावर विश्वास ठेवू नका. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नका. चासीखाली घोड्या म्हणजे भक्कम लोखंडी स्टँड लावा. ड्रम काढल्यावर आतील धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, कारण जुन्या लायनरमध्ये म्हणजे ब्रेकच्या घर्षणपट्ट्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसून घ्या. मास्टर सिलेंडर आणि चारही व्हील सिलेंडर उघडा, आत खड्डे पडलेले असतील तर ते बदला, नसतील तर ऑइल अडवणारे रबरी वायसर नवे घाला, आणि चाकांकडे जाणारे रबरी पाइप कसेही दिसत असले तरी बदलाच. टायरचेही तसेच आहे. नक्षी शाबूत असली तरी रबर मेलेले असते. टायरवरील चार आकडी तारखेत पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात.

सुट्या भागांसाठी घाबरू नका. महिंद्राने सुरुवातीच्या जीप याच शहरात, माझगावात जुळवल्या होत्या, आणि या गाड्यांचे भाग ओळखणारे दुकानदार इथे अजून आहेत. ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड येथे किट आणि वायसर, नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग, नळ्या व हत्यारे, आणि चोर बाजारात जुने मूळ भाग शोधता येतात. जुना भाग नमुना म्हणून सोबत न्या आणि नवा बसवल्यावरही तो टाकून देऊ नका. आजच्या नकली भागांपेक्षा दुरुस्त केलेला मूळ भाग पुष्कळदा अधिक टिकतो.

रेडिएटर धुऊन, पाणी भरून पहिल्यांदा इंजिन सुरू झाले की ते दहा मिनिटांपेक्षा अधिक चालवू नका. ऑइलचा काटा काही सेकंदांत वर आला नाही तर ताबडतोब बंद करा. क्लच प्लेट गंजाने चिकटलेली असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असल्यास पेडल लाकडी ठोकळ्याने एक-दोन दिवस दाबून ठेवा.

दरम्यान आरसी बुक शोधून गाडी खाजगी म्हणून नोंदलेली आहे की मालवाहू, हे पाहा, कारण पुढचा मार्ग त्यावर ठरतो. खाजगी असेल तर १५ वर्षांनंतरचे नूतनीकरण फॉर्म २५ वर होते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. आजोबा हयात नसतील तर वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म ३१ आहे. पन्नास वर्षांवरील बिगर-व्यावसायिक गाड्यांसाठी २०२१ पासून व्हीए मालिकेची व्हिंटेज नोंदणीही आहे, परंतु तिचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तुम्हाला हौद्यातून कुटुंबाला फिरवून आणायचे असेल, तर तो मार्ग घेण्यापूर्वी विचार करा. विमा, पीयूसी आणि वैध नोंदणी होईपर्यंत गाडी आवाराबाहेर काढू नका.

या रविवारी फक्त प्लग काढून तेल सोडा, आणि पुढच्या रविवारी हँडल फिरले की नाही ते येथेच कळवा. इंजिन पूर्ण जाम असेल तर हेड उतरवावे लागेल. त्याची रीत मी फोटोंसह लिहीन.