दोन फुटी टाकीत खरी झाडे लावताना

ठाण्यातील फ्लॅटमध्ये २ फूट लांब आणि १ फूट रुंद-उंच अशी माशांची काचेची टाकी आहे, तिच्यातील प्लास्टिकची झाडे व निळी खडी काढून खरी झाडे लावायची आहेत, पण पाण्यातली झाडे जोमाने वाढावीत म्हणून लावतात त्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची भानगड नको, असे आपण लिहिले आहे. मी ऐरोलीला राहतो आणि अशीच टाकी सिलिंडरशिवाय बरीच वर्षे सांभाळतो आहे. माझ्या मते निम्मे काम योग्य झाडे निवडण्यातच होते.

या मापाच्या टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते आणि काच, वाळू व दगड धरून वजन सहज सत्तर किलोच्या पुढे जाते, त्यामुळे ती चपलांच्या कपाटावर ठेवू नये. थेट ऊन येणारी खिडकीही टाळावी, कारण उन्हाने शेवाळ माजते आणि मे महिन्यात तापलेले पाणी आणखी तापते. दुकानदार हीटर गळ्यात मारू पाहतात, पण आपल्या हवेत त्याची गरज सहसा पडत नाही.

दगड निवडताना माझी एकदा फसगत झाली होती. इमारतीत लादीचे काम चालू असताना मिळालेले संगमरवराचे शुभ्र तुकडे मी हौसेने टाकीत रचले आणि काही आठवड्यांत पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, चांगलाच वाढला, कारण संगमरवरात चुना असतो. तेव्हापासून कोणत्याही दगडावर आधी व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहतो. बुडबुडे आले की तो दगड बाद. शिंपले आणि खाडीकाठची वाळू याच कारणाने नकोत. आपला साधा काळा बेसॉल्ट उत्तम. लाकूड मात्र ड्रिफ्टवुड म्हणून मिळते तेच घ्यावे आणि उकळून, काही दिवस बादलीत बुडवून मगच वापरावे. त्यानंतरही पाणी चहासारखे दिसले तर घाबरू नये, त्याने माशांना अपाय होत नाही.

आता झाडे. लाकडासाठी अनुबियास आणि जावा फर्न घ्यावीत. ही दोन्ही मंद प्रकाशात तगतात, मात्र त्यांचे आडवे जाड खोड वाळूत पुरले की ते कुजते आणि नवखे लोक नेमके तेच करतात. शिवणकामाचा काळा दोरा घेऊन ते खोड लाकडाच्या खाचेवर सैलसर बांधावे, मुळे मोकळी सोडावीत. एकदोन महिन्यांत मुळे लाकडाला अशी घट्ट चिकटतात की दोरा कापून काढता येतो. वाळूत मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया आणि मध्ये क्रिप्टोकोरीन लावावे. क्रिप्टोकोरीनची पाने नव्या टाकीत आठवडाभरात वितळल्यासारखी गळतात. झाड मेले असे समजून ते उपटू नये, कारण मूळ शाबूत असेल तर त्याच जागी नवी पाने फुटतात. सुरुवातीला झपाट्याने वाढणारे हायड्रिला भरपूर घालावे आणि घरातल्या मनीप्लांटची एक फांदी टाकीच्या काठावरून मुळे पाण्यात व पाने बाहेर अशी सोडावी. पाण्यातले नायट्रेट, म्हणजे झाडांचे आणि शेवाळाचेही खत, दोन्ही शोषून घेतात आणि शेवाळाला फारसे काही उरत नाही. दिवा रोज सहा तासच लावावा.

पाण्याबाबत आपल्या सोसायटीत टँकर येतो का, ते पाहून घ्यावे. टँकरचे पाणी बोअरचे असेल तर ते धरणाच्या पाण्यापेक्षा बरेच जड असू शकते. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब घातल्याशिवाय ते टाकीत ओतू नये.

मासे लगेच आणू नयेत. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात त्यांना अन्न म्हणून रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे, आणि पाणी तपासण्याच्या चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट शून्य दिसू लागले की मगच सहासात गप्पी मासे किंवा एखादा फायटर मासा आणावा. फायटरचे लांब पर प्लास्टिकच्या पानांवर फाटतात, म्हणून ती झाडे काढण्याचा आपला विचार अगदी योग्य आहे.

पुढे हायड्रिला दर पंधरा दिवसांनी छाटावे लागेल. ती छाट तलावपाळीला किंवा खाडीत न टाकता कुंडीतल्या मातीत घालावी, आणि दर आठवड्याला बदललेले बादलीभर पाणीही त्याच कुंड्यांना द्यावे. माझ्या मोगऱ्याला ते फार मानवते.